छोट्या आज्ञांची साखळी

एकेक आज्ञा वारंवार टंकत बसण्यापेक्षा आज्ञांची मालिका फाइलमध्ये लिहून ठेवावी आणि ती एका नावाने चालवावी, ही कल्पना युनिक्स या कार्यप्रणालीहून जुनी आहे. एमआयटीच्या सीटीएसएस या प्रणालीवर लुई पूझँ यांनी १९६० च्या दशकात ‘रनकॉम’ या नावाने ती प्रत्यक्षात आणली होती. आजच्या सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटरच्या हाती असलेल्या स्क्रिप्टचे, म्हणजे अशा आज्ञांच्या फाइलचे, खरे सामर्थ्य मात्र न्यू जर्सीतील मरे हिल येथील बेल प्रयोगशाळेत घडले.

तेथील डग मॅकिलरॉय यांनी ११ ऑक्टोबर १९६४ च्या टिपणात असे सुचवले होते, की बागेतल्या नळीला गरजेप्रमाणे पुढचा तुकडा जोडावा, तसे प्रोग्राम एकमेकांना जोडता यावेत. ही मागणी त्यांनी अनेक वर्षे लावून धरली, आणि तिचे मोल या चिकाटीतच आहे. १९७१ च्या सुमारास त्याच प्रयोगशाळेतील केन थॉम्पसन आणि डेनिस रिची ज्या पीडीपी-११ यंत्रावर युनिक्स चालवत होते, त्यावर वापरकर्त्याच्या प्रोग्रामसाठी अवघे ८ किलोबाइट उरत असल्याने प्रोग्राम लहान ठेवणे भागच होते. अखेर १९७३ मध्ये थॉम्पसन यांनी ‘पाइप’, म्हणजे एका प्रोग्रामचे निष्पन्न थेट दुसऱ्याच्या हाती देणारी जोडणी, एका रात्रीत प्रणालीत घातली. तिच्यासाठी मधली फाइल नाव देऊन तयार करावी लागत नसे. पण ती उपयोगी पडावी म्हणून ‘सॉर्ट’सारखे जुने प्रोग्राम बदलावे लागले, कारण फाइलचे नाव दिले नाही तर येणारा प्रवाह वाचावा, ही शिस्त त्यांना तोवर नव्हती. त्रुटीसंदेशही याच प्रवाहात मिसळत असल्याने पुढे रिची यांनी त्यांच्यासाठी वेगळा मार्ग काढला.

आरंभीच्या शेलमध्ये, म्हणजे आज्ञा वाचून त्या चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, ‘गोटू’ ही उडी मारणारी आज्ञासुद्धा बाहेरचा स्वतंत्र प्रोग्राम होती. १९७९ च्या सातव्या आवृत्तीतील स्टीफन बॉर्न यांच्या शेलने अटी आणि आवर्तने पोटात घेतली, आणि स्क्रिप्टला खऱ्या अर्थाने भाषेचा दर्जा मिळाला.

छोटे प्रोग्राम साखळीत जोडण्याच्या या पद्धतीचा सर्वांत बोलका पुरावा १९८६ चा आहे. मजकुरातील सर्वाधिक वेळा आलेले शब्द शोधणारा डोनाल्ड नुथ यांचा अनेक पानांचा, अत्यंत कसबी प्रोग्राम एका संगणकशास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याचे परीक्षण करताना मॅकिलरॉय यांनी तेच काम सहा आज्ञांच्या साखळीत करून दाखवले: अक्षरांखेरीज सर्व चिन्हांच्या जागी नवी ओळ घालावी, मोठी अक्षरे लहान करावीत, ‘सॉर्ट’ने समान शब्द शेजारी आणावेत, ‘युनिक’ने ते मोजावेत, संख्येनुसार उतरता क्रम लावावा आणि ‘सेड’ने वरच्या मोजक्या ओळी घेऊन थांबावे. सर्व्हरवर कोणत्या पत्त्यावरून सर्वाधिक विनंत्या आल्या हे नोंदवहीतून शोधताना व्यवस्थापक आजही पत्त्याचा रकाना ‘ऑक’ने वेगळा काढून ‘सॉर्ट’, ‘युनिक’ आणि पुन्हा ‘सॉर्ट’ हीच साखळी वापरतात.