फोमबोर्डची बहुमजली इमारत

टेबलावर लहान सैनिक मांडून खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळांसाठी फोमबोर्ड कापून, चिकटवून आणि रंगवून केलेली दोन किंवा अधिक मजल्यांची इमारत. टेकड्या, कुंपणे, झाडे आणि इमारती या सगळ्याला मिळून खेळाडू ‘टेरेन’ म्हणतात. दिसायला ही इमारत वास्तुरचनेच्या विद्यार्थ्याच्या मॉडेलसारखी असते, पण मॉडेल लांबून पाहायचे असते आणि या इमारतीत संध्याकाळभर चार हात शिरत असतात. त्यामुळे तिची मापे खऱ्या घरावरून काढून चालत नाही. ती सैनिकाच्या पायाखालच्या चकतीवरून, म्हणजे बेसवरून, आणि खेळाडूच्या पंजावरून काढावी लागतात.

पूर्वपीठिका : सुटे तुकडे जोडून भूप्रदेश मांडता येईल असे टेबल जॉर्ज लेओपोल्ड फॉन राइसविट्झ यांनी 1812 मध्ये प्रशियाच्या राजासाठी केले. 1913 च्या ‘लिट्ल वॉर्स’मध्ये एच. जी. वेल्स यांनी लाकडी ठोकळ्यांची घरे जमिनीवर मांडली. या घरांत मजले मात्र नव्हते. मजल्यांना खरा अर्थ आला तो मोजक्या सैनिकांच्या चकमकींच्या खेळांमुळे. इंग्लंडमधील गेम्स वर्कशॉप या कंपनीचा ‘नेक्रोमुंडा’ 1995 मध्ये आणि ‘मॉर्डहाइम’ 1999 मध्ये आला. मॉर्डहाइम म्हणजे धूमकेतू पडून उद्ध्वस्त झालेले एक काल्पनिक नगर. त्याच्या पेटीत कार्डाच्या पडक्या इमारती मिळत. पुढच्या गल्ल्या खेळाडू स्वतःच उभारत.

मॉर्डहाइमच्या नियमांत उंची मोजून वापरली जाते. योद्ध्याला वरून जास्तीत जास्त 6 इंच खाली उडी मारता येते आणि शत्रूवरच उडी घातली तर घावाला जोर मिळतो. कडेपासून इंचभराच्या आत कोणी घायाळ होऊन आडवा झाला, तर तो खाली पडतो की काय हे फासा ठरवतो. त्यामुळे भिंतीतले भगदाड, कठडा नसलेली कड आणि अर्धवट तुटलेली जमीन या नुसत्या शोभेच्या गोष्टी राहत नाहीत. खेळातले निर्णय तिथे घेतले जातात.

साहित्य : दोन कागदांच्या मध्ये पॉलिस्टायरिनच्या फेसाचा गाभा असलेला पुठ्ठा म्हणजे फोमबोर्ड. मोन्सॅन्टो या अमेरिकी कंपनीने तो 1957 मध्ये ‘फोम-कोर’ या नावाने विकसित केला. इमारतीसाठी 5 मिमी जाडीचा घ्यावा. 3 मिमीचा वाकतो. आपल्याकडे स्टेशनरीच्या दुकानात फोमबोर्ड मागितला की पुष्कळदा सनबोर्ड हातात येतो. तो पीव्हीसीचा असतो. तापलेल्या तारेने तो कधीही कापू नये, त्याचा धूर घातक असतो. टिकाऊ असला तरी त्याचा कागद सोलता येत नाही, आणि पुढे सांगितलेली पडक्या गिलाव्याची कृती त्या कागदावरच अवलंबून आहे. याखेरीज स्टीलची पट्टी, गुण्या, कटिंग मॅट, टाचण्या, फेविकॉल आणि पाती मोडता येणारा कटर लागतो. मोडत्या पात्याची कल्पना जपानमधील ओसाका येथे योशिओ ओकाडा यांनी 1956 मध्ये प्रत्यक्षात आणली. चॉकलेटच्या वडीसारखे बोथट टोक मोडायचे की पुढची धार तयार. फोमबोर्डच्या कामात ही सोय अमोल आहे, कारण बोथट पाते गाभा कापत नाही, फाडते. प्रत्येक नव्या भिंतीला नवे टोक घ्यावे, काटकसर करू नये.

मापे : 28 मिमीचा सैनिक साधारण 1:56 प्रमाणात धरतात. या हिशेबाने 3 मीटरचा मजला 54 मिमी, 2 मीटरचे दार 36 मिमी आणि जिन्याची 17 सेंमीची पायरी जेमतेम 3 मिमी होते. पण सैनिक 25 मिमीच्या बेसवर उभा असतो. एवढ्या लहान पायरीवर तो टेकणारच नाही, म्हणून अचूक जिना खेळायला निरुपयोगी ठरतो. त्याऐवजी शिडी लावावी किंवा मध्ये 30 मिमीचे थांबे ठेवावेत. दार 40 मिमी रुंद ठेवले तर हातातला भाला चौकटीला अडत नाही.

मजल्याची उंची 3 इंच ठेवण्याची रूढी आहे आणि इथेच नवखा फसतो. 75 मिमीची भिंत कापून तिच्यावर 5 मिमीची जमीन ठेवली की मजला 80 मिमीचा होतो. दोन मजल्यांवरची जमीन 160 मिमीवर जाते. 6 इंच म्हणजे सुमारे 152 मिमी, त्यामुळे तिथून उडीच मारता येत नाही. भिंत 70 मिमीची ठेवावी. जमीन धरून मजला 75 मिमीचा आणि दोन मजले 150 मिमीचे होतात. उडी नियमात बसते.

बांधणी : प्रत्येक मजला खाली जमीन आणि वर उघडा अशा स्वतंत्र डब्यासारखा करावा. वरचा मजला उचलला की खालच्यात हात सहज जातो. समजा इमारत 200 × 150 मिमीची आहे. भिंती नुसत्या टेकवून जोडल्या तर आखूड भिंत दोन जाड्या वजा करून 140 मिमीची घ्यावी लागते आणि कोपऱ्यांवर पांढरा गाभा उघडा पडतो. म्हणून कोपऱ्याला खाच करावी. लांब भिंतीची आतली बाजू वर ठेवून दोन्ही टोकांपासून 5 मिमीवर रेघ मारावी. वरचा कागद आणि गाभा कापावा, पण खालच्या कागदाशी पाते थांबवावे. ही जागा हाताला कळते : मऊ गाभ्यातून जाणारे पाते एकदम टणक तळावर येते. मग पट्टीच्या कडेने गाभा खरवडला की बाहेरच्या कागदाची 5 मिमीची पट्टी मोकळी राहते. आखूड भिंत त्या खाचेत बसवली की तिची कड या कागदाने झाकली जाते. अशा सांध्यात दोन्ही भिंती बाहेरच्या मापाच्याच, म्हणजे 200 आणि 150 मिमीच्या कापायच्या असतात. फेविकॉल लावून टाचण्या टोचाव्यात, गुण्याने काटकोन पाहावा आणि रात्रभर हात लावू नये.

वरच्या मजल्याच्या जमिनीखाली फोमबोर्डच्या पट्ट्या कडेपासून 6 मिमी आत चिकटवाव्यात : 5 मिमी भिंतीचे आणि 1 मिमी सैलपणाचा. हा एक मिलिमीटर रंगाचे थर खाऊन टाकतात. तो सोडला नाही तर रंगवलेला मजला अडकून बसतो आणि ऐन खेळात ओढून काढताना सगळे सैनिक आडवे होतात.

पोत : पडक्या घरासाठी गिलावा उडालेली जागा कटरने हलकेच आखावी, तेवढाच कागद ओल्या फडक्याने भिजवून अंगठ्याने सोलावा आणि उघड्या गाभ्यावर बॉलपेनने विटा काढाव्यात. खऱ्या प्रमाणात वीट दीड मिलिमीटरही उंच भरत नाही. 3 ते 4 मिमीची वीट डोळ्याला बरोबर वाटते. कोपऱ्यावरचा कागद सोलू नये, सांध्याचा जोर त्यातच असतो. लाकडी चौकटींसाठी आइस्क्रीमच्या काड्या पुरतात.

रंग : डब्यातल्या स्प्रेमधील द्रावके पॉलिस्टायरिन विरघळवतात. या नोंदलेखकाच्या पहिल्या इमारतीत खिडक्यांच्या कडा उघड्या राहिल्या होत्या. स्प्रे मारताच गाभा पाहता पाहता आत ओढला गेला आणि दोन कागद मधे पोकळी घेऊन उभे राहिले. तीन रविवारांचे काम होते. म्हणून आधी फेविकॉल आणि काळा ॲक्रिलिक रंग एकत्र करून प्रत्येक उघड्या कडेला दोन हात द्यावेत आणि पुढचे सगळे काम ब्रशनेच करावे. भिंत एकाच बाजूने रंगवली तर सुकताना धनुष्यासारखी वाकते. दोन्ही बाजू एकाच बैठकीत रंगवाव्यात. शेवटी कोरड्या ब्रशने फिकट राखाडी रंग नुसता कडांवरून फिरवला की विटा उठून दिसतात.

दिवाळीत किल्ला बांधलेल्या आणि गणपतीसाठी मखर कोरलेल्या मराठी घरांना ही कारागिरी परकी नाही. महाराष्ट्रात मार्च 2018 च्या अधिसूचनेने सजावटीसाठी थर्माकोल वापरण्यास बंदी आली. फोमबोर्डचा गाभाही पॉलिस्टायरिनचाच असल्याने उरलेले तुकडे फेकू नयेत. त्यांची तुटलेली तुळई होते, दगडमातीचा ढीग होतो.

बांधून झाल्यावर प्रत्येक मजल्याच्या पोटाशी पेन्सिलीने क्रमांक आणि दर्शनी बाजूचा बाण काढून ठेवावा. हाताने कापलेला कोणताही मजला तंतोतंत चौकोनी नसतो, आणि उलटा फिरवला की तो बसत नाही.