लंडनच्या वैद्यक-सभेचा जीर्णोद्धार

स्मरणिकेसाठी इतिहासावर एखादा लेख द्यावा अशी आज्ञा संपादक मंडळाने केली, तेव्हा पेशवाईतील एखादा प्रसंग निवडावा असे प्रथम मनात आले होते. परंतु गेली काही वर्षे आपल्या मंडळाचा जमाखर्च तपासण्याचे काम मजकडे आहे, आणि त्या चोपड्या चाळताना लंडनच्या डॉक्टरांच्या एका जुन्या सभेची मला वारंवार आठवण होते. विषय परका वाटला तरी ज्ञातिबांधवांनी व भगिनींनी तो गोड मानून घ्यावा.

अठराव्या शतकातील इंग्लंडात वैद्यकी करणाऱ्यांच्या तीन पायऱ्या होत्या. पदवीधर फिजिशियन सर्वांत वर, शस्त्रवैद्य त्यांच्या खाली, आणि औषधे कुटून पुड्या बांधणारे ॲपॉथेकरी सर्वांत खाली. पंक्तिभेद हा काही केवळ आपल्याच देशाचा मक्ता नव्हे! डॉ. जॉन कोकली लेटसम या तरुण वैद्याने १७७३ साली 'मेडिकल सोसायटी ऑफ लंडन' स्थापून या तिघांना एका बैठकीवर आणले. प्रत्येक वर्गाचे तीस सभासद, असा नेम होता. लेटसम हे वेस्ट इंडीजमध्ये जन्मलेले, क्वेकर पंथाचे. वारसाहक्काने वाट्यास आलेले गुलाम त्यांनी हाती पैसा नसतानाही मुक्त केले होते. पुढे त्यांचा धंदा भरभराटला, आणि १७८७-८८ च्या सुमारास फ्लीट स्ट्रीटलगतच्या बोल्ट कोर्टातील एक घर त्यांनी सोसायटीस देऊन टाकले. कोशकार डॉ. जॉन्सन आपल्या अखेरच्या वर्षांत याच बोळात राहत असत.

घर मिळाले, ग्रंथसंग्रह वाढू लागला. मग दृष्ट लागावी तसे झाले. १७८६ साली डॉ. जेम्स सिम्स अध्यक्ष झाले, ते बावीस वर्षे खुर्चीवरून उठलेच नाहीत. गृहस्थ विद्वान होते, ग्रंथांचे मोठे शोकी होते. १८०२ साली त्यांचा स्वतःचा मौल्यवान ग्रंथसंग्रह मोबदला घेऊन सोसायटीकडे आला, हेही त्यांच्या नावे जमेस धरले पाहिजे. पण एकच मनुष्य इतकी वर्षे अध्यक्ष राहिला की कर्त्या तरुणांना आपण पाहुणे आहोत असे वाटू लागते. १८०५ साली डॉ. येलोली, डॉ. सॉन्डर्स, शस्त्रवैद्य ॲस्टली कूपर आदी मंडळी बाहेर पडली व त्यांनी निराळी सभा काढली. तिला १८३४ साली राजाची सनद मिळाली, आणि १९०७ साली तिच्यातूनच रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिन उभी राहिली. सिम्स पायउतार झाले १८०८ साली. तोवर व्हावयाचे ते नुकसान होऊन गेले होते.

येथे हिशेबाची एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. सभासद निम्मे झाले म्हणून घराची डागडुजी, कर, दिवाबत्ती, ग्रंथांची निगा यांचा खर्च निम्मा होत नाही. मी एका गावी वाचनालयाचा चिटणीस असताना वर्गणीदार पावणेदोनशेंवरून साठांवर आले. छपराची गळती मात्र होती तेवढीच राहिली. बोल्ट कोर्टात असेच झाले. वृद्ध लेटसम यांनी पुन्हा अध्यक्षपद पत्करून संस्था सावरून धरली. त्यांची स्वतःची सांपत्तिक स्थिती तोवर खालावली होती आणि कँबरवेल येथील ग्रोव्ह हिल हे आपले आवडते घर त्यांना सोडावे लागले. सोसायटीस दिलेले घर मात्र सोसायटीकडेच राहिले. १८१५ साली ते वारले.

पुढील पस्तीस वर्षांत नामांकित डॉक्टरांची वस्ती शहराच्या पश्चिमेकडे सरकत गेली. बोल्ट कोर्टात ग्रंथ होते, चित्रे होती, बैठकीस येणारी माणसे तेवढी विरळ झाली. उलट १८०९ साली स्थापन झालेल्या वेस्टमिन्स्टर मेडिकल सोसायटीत तरुणांच्या चर्चा रंगत. पण तिला स्वतःचे घर नव्हते. १८५० साली या दोन्ही संस्था एक झाल्या. नाव थोरलीचे राहिले, आणि बिऱ्हाड पश्चिमेकडे हॅनोव्हर स्क्वेअरजवळ हलले. जुने घर सोडताना थोरलीच्या सभासदांना काय वाटले असेल, याची कल्पना वडिलोपार्जित वाडा सोडलेल्यांनाच यावी. पण धाकटीकडून आलेल्या माणसांत डॉ. जॉन स्नो होते! पटकीचा प्रसार दूषित पाण्याने होतो हे दाखवून ज्यांनी १८५४ साली ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाची दांडी काढावयास लावली, तेच हे स्नो. १८५५ साली ते संयुक्त सोसायटीचे अध्यक्ष झाले. खाणकामगारांना व गरीब रोग्यांना औषध देत वर आलेला हा मनुष्य. सिम्स यांच्या खुर्चीवर तो बसला, हे लेटसम यांना खचित आवडले असते.

१८७३ साली सोसायटी चँडॉस स्ट्रीटवरील वास्तूत गेली. त्या वास्तूस लेटसम यांचे नाव आहे.

विसाव्या शतकात जुने ग्रंथ सांभाळणे पुन्हा जड झाले. ते प्रथम वेलकम ग्रंथालयात ठेव म्हणून ठेवण्यात आले, आणि १९८४ साली वेलकम ट्रस्टने विकत घेतले. सुमारे दहा हजार ग्रंथ व शिवाय हस्तलिखिते. पूर्वजांचे ग्रंथ विकले म्हणून कोणी नाके मुरडतील. मलाही प्रथम वाईट वाटले. पण ग्रंथ अभ्यासकांच्या हाती राहिले आणि त्यांची किंमत सोसायटीच्या पदरी पडली. त्या संग्रहात सिम्स यांचेही ग्रंथ होते. ज्यांच्या हट्टापायी संस्था दुभंगली, त्यांच्याच कपाटातील पोथ्या पावणेदोनशे वर्षांनी तिच्या उपयोगी पडल्या.