पुणे मातृपोषण अभ्यास

पुणे मातृपोषण अभ्यास हा पुणे शहरानजीकच्या सहा खेड्यांतील स्त्रियांचा गर्भावस्थेतील आहार, त्या काळात त्यांच्या शरीरात होणारे चयापचयी बदल आणि त्यांच्या अपत्यांचे पुढील आरोग्य यांविषयीचा दीर्घकालीन वैद्यकीय अभ्यास आहे. पुण्याच्या रास्ता पेठेतील के.ई.एम. रुग्णालयाच्या मधुमेह विभागाने डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली १९९३ साली त्याचा आरंभ केला. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील संशोधकांचे त्यास सहकार्य लाभले. भारतीयांना कमी वयात व कमी वजन असतानाही मधुमेह का होतो, या प्रश्नाचे उत्तर गर्भावस्थेत शोधणाऱ्या अभ्यासांत याची गणना होते.

पार्श्वभूमी

ब्रिटिश रोगपरिस्थितिशास्त्रज्ञ डेव्हिड बार्कर यांनी गेल्या शतकाच्या अखेरीस असे प्रतिपादन केले की, गर्भाशयात अपुरे पोषण मिळालेल्या व कमी वजनाच्या बालकांना प्रौढ वयात हृदयविकार आणि मधुमेह होण्याचा धोका अधिक असतो. भारतात कमी वजनाची बालके मोठ्या संख्येने जन्माला येतात आणि मधुमेहाचे प्रमाणही मोठे आहे. त्यामुळे या मताची पारख येथे होणे अगत्याचे होते.

गर्भावस्थेतील संप्रेरके व चयापचय

गर्भधारणेनंतर वार (अपरा) तयार होऊ लागते. तिच्यातून स्रवणाऱ्या ह्युमन कोरिऑनिक गोनॅडोट्रोपिन या संप्रेरकाचे रक्तातील प्रमाण साधारणतः आठव्या ते दहाव्या आठवड्यात सर्वाधिक असते. लघवीच्या तपासणीने गर्भधारणा ओळखली जाते ती याच संप्रेरकामुळे. आरंभी बीजग्रंथीतून मिळणारे प्रोजेस्टेरॉन पुढे वारच निर्माण करू लागते. इस्ट्रोजेन, ह्युमन प्लॅसेंटल लॅक्टोजेन व कॉर्टिसॉल यांचे प्रमाणही वाढत जाते.

या संप्रेरकांच्या प्रभावाने मातेच्या चयापचयाचे दोन टप्पे पडतात. पूर्वार्धात शरीर मेदाचा साठा करते. उत्तरार्धात मातेच्या पेशी इन्शुलिनला पूर्वीइतका प्रतिसाद देत नाहीत. हा प्रतिसाद निम्म्याने किंवा त्याहूनही अधिक घटतो. भरपाई म्हणून स्वादुपिंड दुप्पट वा अधिक इन्शुलिन स्रवते. ही भरपाई अपुरी पडल्यास गर्भावस्थेतील मधुमेह उद्भवतो. इन्शुलिन-प्रतिरोधामुळे साठवलेला मेद विरघळून मातेची ऊर्जेची गरज भागवतो आणि ग्लुकोज गर्भासाठी उपलब्ध राहते. ग्लुकोज वारेतून गर्भाकडे जाते. मातेचे इन्शुलिन मात्र जात नाही. त्यामुळे गर्भाचे स्वादुपिंड स्वतःचे इन्शुलिन निर्माण करते. या काळात मातेच्या रक्तातील कोलेस्टेरॉल व ट्रायग्लिसराइड हे घटकही वाढतात. रक्तद्रवाचे आकारमान सुमारे ४० ते ५० टक्क्यांनी वाढते, म्हणून हिमोग्लोबिनची पातळी काहीशी खालावलेली दिसते.

हे सर्व बदल निसर्गक्रमाचे आहेत; परंतु ते मातेच्या शरीरातील साठ्यावर अवलंबून असतात. साठाच तुटपुंजा असल्यास काय घडते, हा पुण्याच्या अभ्यासाचा गाभा होय.

पद्धती

गावांतील विवाहित स्त्रियांची नोंद गर्भधारणेपूर्वीच करण्यात आली. क्षेत्रकार्यकर्त्या दरमहा घरी जाऊन पाळीच्या तारखा टिपत असत, त्यामुळे गर्भाचे वय अचूक ठरवता आले. गर्भावस्थेच्या १८ व्या व २८ व्या आठवड्यात आहार, श्रम आणि रक्तातील घटक यांची तपासणी झाली. जन्मानंतर बालकाचे वजन, लांबी, डोके, पोट व दंड यांचा घेर आणि त्वचेखालील मेदाची जाडी मोजण्यात आली.

प्रमुख निष्कर्ष

गर्भधारणेपूर्वी या स्त्रियांचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो व उंची १५२ सेंमी होती. १८ व्या आठवड्यातील त्यांच्या आहारातून दिवसाला सरासरी १,८०० किलोकॅलरींहून कमी ऊर्जा व सुमारे ४५ ग्रॅम प्रथिने मिळत होती. बालकांचा आकार एकूण ऊर्जा वा प्रथिने यांच्याशी फारसा निगडित आढळला नाही. दूध, पालेभाज्या व फळे यांच्या सेवनाशी मात्र त्याचा ठळक संबंध दिसला. ज्या मातांना अधिक शारीरिक श्रम करावे लागत, त्यांची बालके आकाराने लहान आढळली.

गर्भावस्थेतील मधुमेह या स्त्रियांत अत्यंत दुर्मीळ होता. तरीही, सामान्य मर्यादेतील ग्लुकोजबरोबरच कोलेस्टेरॉल व ट्रायग्लिसराइड यांचाही बालकाच्या आकाराशी संबंध असल्याचे २०१३ साली दाखवून देण्यात आले.

२००३ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत पुण्याजवळील बालकांचे सरासरी जन्मवजन २.७ किलो, तर साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो होते. पुण्याच्या बालकांचे पोट व स्नायू लक्षणीयरीत्या लहान होते. पाठीवरील त्वचेखालचा मेद मात्र तुलनेने टिकून होता. दिसायला कृश पण अंगात मेद अधिक, अशा या ठेवणीला ‘कृश-मेदस्वी भारतीय बालक’ असे म्हटले गेले. प्रौढ भारतीयांतही हीच ठेवण दिसते. डॉ. याज्ञिक व ब्रिटिश वैद्य जॉन युडकिन यांचा शरीरभार निर्देशांक सारखाच, २२.३ होता; परंतु युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के मेद आढळला. २००४ साली ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेले हे उदाहरण ‘वाय-वाय विरोधाभास’ म्हणून ओळखले जाते.

ब-१२ जीवनसत्त्व व फोलेट

सुमारे दोन तृतीयांश मातांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता होती; फोलेटची कमतरता जवळजवळ नव्हती. ब-१२ दूध, अंडी, मांस, मासे अशा प्राणिजन्य पदार्थांतूनच मिळते, त्यामुळे ज्यांच्या आहारात हे पदार्थ अल्प असतात त्यांच्यात ही उणीव संभवते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ज्या मातांत ब-१२ कमी व फोलेट अधिक होते त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिन-प्रतिरोध सर्वाधिक होता. गर्भवतींना फॉलिक आम्लाच्या गोळ्या देण्याचे धोरण मज्जानलिकेतील दोष टाळण्यासाठी आवश्यकच आहे. तथापि ब-१२ कडे दुर्लक्ष होऊ नये, हा मुद्दा या अभ्यासाने पुढे आणला.

पुढील पाठपुरावा

मुलांची तपासणी ६, १२ व १८ व्या वर्षी करण्यात आली. १८ व्या वर्षी ३७ टक्के तरुणांत व १८ टक्के तरुणींत रक्तशर्करेचे नियमन बिघडलेले आढळले. वास्तविक यांपैकी जवळजवळ निम्मी मुले प्रचलित मापानुसार कमी वजनाची होती. २०१२ साली याच पिढीतील किशोरवयीन मुलामुलींना ब-१२ जीवनसत्त्व देण्याचा ‘प्रिया’ नावाचा प्रयोग सुरू झाला. गर्भ राहण्याआधीच भावी माता-पित्यांचे पोषण सुधारणे, हे त्याचे सूत्र आहे.

मर्यादा

मूळ अभ्यास निरीक्षणात्मक आहे. मातेचे पोषण व अपत्याचे आरोग्य यांतील संबंध त्यातून दिसतो. केवळ त्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. दारिद्र्य, श्रम, स्वच्छता व आनुवंशिकता यांचाही परिणाम संभवतो. तसेच सहा खेड्यांतील निष्कर्ष संपूर्ण देशाला जसेच्या तसे लागू करता येत नाहीत.