तिहुआनाचा पूल आणि बसचे उतारू

मेक्सिकोच्या वायव्य टोकाला असलेल्या तिहुआना शहराच्या विमानतळाची धावपट्टी अमेरिकेच्या सीमेला अगदी लगटून, कुंपणाला समांतर जाते. डिसेंबर 2015 मध्ये या विमानतळावरून थेट सॅन डिएगोच्या ओताय मेसा भागात नेणारा एक बंदिस्त पादचारी पूल सुरू झाला. लांबी जेमतेम 120 मीटर. तो खासगी भांडवलातून उभा राहिला, पैसे भरून ओलांडायचा आहे, आणि विमानप्रवासी नसलेल्याला त्यावर पाऊल ठेवता येत नाही. त्याआधी तिहुआनात उतरलेला माणूस अमेरिकेपासून हाकेच्या अंतरावर असूनही टॅक्सी करून रस्त्यावरच्या सीमानाक्यावर जाई आणि तिथल्या रांगेत अनेकदा तासन्‌तास उभा राही. या पुलाचे श्रेय सहसा गुंतवणूकदारांच्या कल्पकतेला आणि स्वस्त विमान कंपन्यांच्या धडाडीला दिले जाते. मला ते अपुरे वाटते. पूल आणि त्या कंपन्या, दोन्ही उभ्या आहेत त्या कामासाठी उत्तरेला गेलेल्या मजुरांनी बसने घासून पक्क्या केलेल्या वाटेवर.

ही वाट जुनी आहे. 1942 ते 1964 या काळात दोन्ही सरकारांच्या करारानुसार लाखो मेक्सिकन मजूर अमेरिकेच्या शेतांवर हंगामी कामाला गेले. हालिस्को, मिचोआकान, ग्वानाहुआतो, साकातेकास या राज्यांतल्या गावागावांतून माणसे गेली, आणि करार संपल्यावरही जाणे-येणे चालूच राहिले. पुढे 1986 च्या अमेरिकी कायद्याने सुमारे 27 लाख लोकांना कायदेशीर वास्तव्य मिळाले. त्यांत बहुसंख्य मेक्सिकन होते. या कायद्याकडे विमानवाहतुकीच्या इतिहासात फारसे कोणी पाहत नाही, पण माझ्या मते खरा आरंभबिंदू तोच आहे. कागद हाती आले म्हणजे नाताळाला, लग्नाला, आईच्या आजारपणात गावी जाऊन उजळ माथ्याने परतता येते. मात्र ग्वादलाहाराहून तिहुआनापर्यंतचा बसप्रवास तीस तासांहून अधिक, आणि विमानाचे तिकीट या माणसांच्या आवाक्याबाहेरचे. 1994 च्या अखेरीस पेसो कोसळल्यानंतर मेक्सिकाना आणि एरोमेक्सिको या दोन्ही मोठ्या कंपन्या एकाच छत्राखाली आल्या होत्या. तिकिटे स्वस्त करण्याची निकड कोणालाच नव्हती. मेक्सिकाना 2005 मध्ये आणि एरोमेक्सिको 2007 मध्ये वेगवेगळ्या मालकांना विकली गेली, तेव्हा ती मिठी सुटली.

याच फटीतून नव्या कंपन्या आत आल्या. वोलारिसचे पहिले व्यावसायिक उड्डाण मार्च 2006 मध्ये झाले, ते कानकूनच्या समुद्रकिनाऱ्याकडे नव्हे. मेक्सिको सिटीजवळच्या तोलुकाहून तिहुआनाकडे. त्याच वर्षाच्या अखेरीस मोंतेरेहून विवा एरोबस सुरू झाली, आणि तिच्या भागीदारांत मेक्सिकोतला एक बडा बसवाहतूक समूह होता. बसच्या धंद्यात मुरलेल्या लोकांना आपला उतारू कुठून चढतो, कुठे उतरतो आणि किती पैसे मोजू शकतो, हे कोणत्याही बाजार-पाहणीपेक्षा चांगले ठाऊक असणार. तिहुआनाहून आज ग्वादलाहारा, मोरेलिया, लिओन, साकातेकास, कुलिआकान, ओआहाका इथे थेट विमाने जातात. हा नकाशा स्थलांतराच्या नकाशावर ठेवून पाहिला, तर दोन्हींच्या रेषा बऱ्याच ठिकाणी जुळतात.

यावर आक्षेप असा, की स्वस्त विमानसेवेचा नमुना साउथवेस्ट आणि रायनएअर यांनी घालून दिला, आणि ऑगस्ट 2010 मध्ये मेक्सिकानाची सेवा बंद पडली म्हणून नव्या कंपन्यांना मोकळे रान मिळाले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. विवा एरोबसमध्ये तर रायनएअरच्या संस्थापक कुटुंबाचाच पैसा होता. पण एकाच प्रकारची विमाने वापरून, सामानाचे वेगळे पैसे लावून खर्च कसा उतरतो, एवढेच तो नमुना सांगतो. सीमेच्या कोपऱ्यातले तिहुआना देशातल्या सर्वांत गजबजलेल्या विमानतळांत का गणले जाते, हे त्यातून कळत नाही. त्याचे उत्तर खुद्द सीमेत आहे. लॉस एंजेलिसहून थेट ग्वादलाहाराला जाणारे विमान आंतरराष्ट्रीय ठरते. त्यावर दोन्ही देशांचे कर बसतात, आणि 2016 पर्यंत तर एका मार्गावर किती कंपन्यांनी उडायचे यावरही दोन देशांतल्या कराराची मर्यादा होती. तिहुआनाहून तोच प्रवास देशांतर्गत होतो. म्हणून दोनशेहून अधिक किलोमीटर रस्त्याने दक्षिणेला येऊन विमान पकडणे परवडते. पुलाने हा हिशेब जन्माला घातला नाही, फक्त त्यातला सर्वांत त्रासाचा टप्पा गाळला. 2015 मध्ये जवळपास 50 लाख प्रवासी हाताळणारा हा विमानतळ 2023 मध्ये सव्वा कोटींच्या पलीकडे गेला.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: ज्यांच्या वाटेवर हे सगळे उभे राहिले म्हणता, त्यांतल्या कितीतरी जणांना पुलावर प्रवेशच नाही. हे मान्यच करायला हवे. अमेरिकेने 1994 मध्ये याच पट्ट्यात सीमेवरचा पहारा आणि कुंपण वाढवले, तेव्हापासून कागद नसलेल्यांचे हंगामी येणे-जाणे घटत गेले. एकदा परतले तर पुन्हा ओलांडणे महाग आणि जिवावरचे, म्हणून माणसे तिकडेच अडकली. कॅलिफोर्नियात नोकरी करणारा मराठी अभियंता वैध अमेरिकी व्हिसाच्या बळावर मेक्सिकोच्या वेगळ्या व्हिसाशिवाय याच पुलावरून सुट्टीला जाऊ शकतो. त्याच राज्यात तीस वर्षे राबलेल्या मिचोआकानच्या माळ्याला ते जमत नाही. पण हा आक्षेप माझे म्हणणे खोडत नाही, त्याची धार वाढवतो. स्वस्त विमानाचा ग्राहक घडवण्यात तिकिटाच्या दराइतकाच वाटा कागदांचा आहे. आणि 1986 नंतर एवढ्या मोठ्या संख्येने कागद देणारा कायदा अमेरिकेने पुन्हा केलेला नाही.