वऱ्हाडांतलें कुंपण



राजेरजवाड्यांच्या लढाया, तह आणि वंशावळी यांचा इतिहास आपण शाळेंत शिकतों. परंतु ज्या वस्तु रोज डोळ्यांसमोर असतात त्यांनाहि इतिहास असतो, हें सहसा आपल्या ध्यानांत येत नाहीं. कुंपण ही अशीच एक वस्तु होय. बुलढाणा जिल्ह्यांत आज कोठेंहि जा. नव्या वसाहतींतील घराभोंवतीं, सरकी काढण्याच्या कारखान्याच्या आवाराभोंवतीं, शाळेच्या मैदानाभोंवतीं किंवा संत्र्याच्या बागेभोंवतीं जस्ताचा मुलामा दिलेली, शंकरपाळ्याच्या आकाराच्या घरांची तारेची जाळी दिसते. दुकानदार तिला चेन लिंक म्हणतात. ही जाळी आमच्या दारीं कोठून आली, तिच्या आधीं येथें काय होतें, आणि ती घेतांना आपण काय पारखावें, या तीन गोष्टी आज आपणांस सांगावयाच्या आहेत.

वऱ्हाडांत कुंपणाच्या आधीं धुरा आला. दोन शेतांच्या मध्यें न नांगरतां राखलेली जमिनीची चिंचोळी पट्टी म्हणजे धुरा. त्यावर बाभूळ, बोर, निंब हीं झाडें आपोआप वाढत. पीक वर येऊं लागलें म्हणजे शेतकरी याच बाभळीच्या व बोरीच्या फांद्या तोडी, गुरांच्या वाटेच्या बाजूस त्या एकीवर एक दाबून रची, आणि खिंडार पडलें कीं तेथें नवी फांदी खोंची. याला पैसा लागत नसे. लागत असे ती मेहनत आणि शेजाऱ्याची संमति, कारण धुरा कधींच एकट्याचा नसतो. सुगी आटोपली कीं ज्वारीच्या धसकटांवर गांवचीं गुरें मोकळीं सुटत, आणि वाळलेलें कुंपण उन्हाळ्यांत चुलीखालीं जाई. असें हें कुंपण पिकाच्या आयुष्याएवढेंच जगे. दर वर्षीं तें नवें करावें लागे हा त्याचा दोष. आणि त्यापायीं दर वर्षीं दोघां शेजाऱ्यांना एकत्र उभें राहून आपली सीमा पुन्हां पाहावी लागे, हा त्याचा गुण.

गांवाची गोष्ट निराळी होती. तेथें कांट्यांनीं भागत नसे. गांवकूस, वेस आणि गढी लागे. सिंदखेडराजा येथें लखुजीराव जाधवांचा वाडा आहे. १५९८ सालीं जिजाऊंचा जन्म तेथेंच झाला. त्याच गांवीं काळा कोट या नांवाची गढी आहे. तिच्या जाड दगडी भिंती पाहिल्या म्हणजे एका सरदार घराण्याला आपल्या रक्षणाची केवढी काळजी होती तें कळतें. परंतु लखुजीरावांचा अंत भिंत चढून आलेल्या शत्रूच्या हातून झाला नाहीं. मोगलांकडून परतून ज्या निजामशाहीच्या आश्रयास ते येत होते, तिच्याच दरबारांत, दौलताबादेस, १६२९ सालीं पुत्रांसह त्यांचा घात झाला. कुंपणच शेत खातें, ही म्हण आपण सहज वापरतों. सिंदखेडच्या भिंतींपाशीं उभें राहिलें म्हणजे तिचा अर्थ निराळा लागतो.

याहून विलक्षण कुंपण इंग्रजी अमलांत उभें राहिलें. मिठावरील जकात चुकवून कोणी मीठ आणूं नये म्हणून सरकारनें उत्तर हिंदुस्थानांतून सिंधु नदीच्या बाजूनें महानदीच्या दिशेनें दोन हजार मैलांहून अधिक लांबीची एक जकातीची रेषा आंखली होती. तिच्या मोठ्या भागावर बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग यांचें जिवंत कुंपण वाढविण्यांत आलें आणि जेथें झाडें जगलीं नाहींत तेथें कांट्यांचें सुकें कुंपण रचण्यांत आलें. हें कुंपण आपल्या जिल्ह्याच्या उत्तर सीमेपासून फारसें दूर नसलेल्या बुऱ्हाणपुरापर्यंत येऊन पोंचलें होतें. १८६७ पासून कांहीं वर्षें या खात्याचा कारभार ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांच्याकडे होता. पुढें १८८५ सालीं राष्ट्रीय सभेच्या स्थापनेंत ज्यांनीं पुढाकार घेतला तेच हे ह्यूम. राखणीला बारा हजारांच्या आसपास माणसें होतीं. वाळवी, वणवे, वादळें आणि टोळ यांच्याशीं तीं वर्षानुवर्षें झगडलीं. अखेर १८७९ सालीं ही रेषाच रद्द झाली, आणि एवढें मोठें कुंपण थोड्याच काळांत लोकांच्या स्मरणांतूनहि गेलें. गरिबाच्या पानांतल्या मिठावर उभारलेलें कुंपण जपावें असें कोणास वाटणार?

याच सुमारास वऱ्हाडांतील जमीन नव्या रीतीनें मोजली जात होती. १८५३ च्या तहानें हा प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखालीं आला होता. १८६० नंतरच्या वर्षांत मुंबई इलाख्याच्या धर्तीवर येथें मोजणी झाली, प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर मिळाला आणि सीमेवर दगड रोंवले गेले. आतांपर्यंत शेजाऱ्यांच्या आठवणींत असलेली हद्द सरकारी नकाशांत गेली. इकडे १८६१ ते १८६५ या काळांतील अमेरिकेच्या यादवी युद्धामुळें विलायतेंतील गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला व वऱ्हाडच्या कापसाला एकाएकीं भाव आला. १८६७ सालीं लोहमार्ग नागपुरास पोंचला. १८७० सालीं जलंबहून खामगांवास फांटा आला. कापूस पिकविणारी जमीन मोलाची झाली आणि तिची एक एक हात हद्द भांडणाचा विषय बनली. १८९० च्या रेल्वे कायद्यांत लोहमार्गालगत कुंपण घालण्याविषयीं कलम होतें. रुळांच्या कडेच्या अशा कुंपणांवरून आमच्या खेड्यांतील माणसाला लोखंडी तारेची ओळख झाली असल्यास नवल नाहीं.

आतां तारेची कहाणी ऐका. इंग्लंडांत नॉर्विच हें लोकरीच्या विणकामासाठीं जुन्या काळापासून प्रसिद्ध शहर. तेथील चार्ल्स बर्नार्ड नांवाच्या लोखंडी मालाच्या व्यापाऱ्यानें १८४४ च्या सुमारास कापडाच्या मागावरून कल्पना घेऊन तारेची जाळी विणण्याचें यंत्र तयार केलें. आमच्या दारांतील जाळी ही अशी विणकराच्या मागाची लेक आहे. पुढें अमेरिकेंतील इलिनॉय संस्थानांत जोसेफ ग्लिडन या शेतकऱ्यानें दोन पिळलेल्या तारांमध्यें कांटे घट्ट बसविण्याची युक्ति काढली व १८७४ सालीं तिचें पेटंट मिळविलें. ज्या माळरानांत बाभळीसारखें झाडच नव्हतें तेथें त्यानें लोखंडाचा कांटा निर्माण केला. परंतु उघडें लोखंड पावसांत गंजतें. वितळलेल्या जस्तांत तें बुडवून काढण्याच्या रीतीचें पेटंट फ्रान्समध्यें सोरेल यानें १८३७ च्या सुमारास घेतलें होतें. या मुलाम्यावर ओरखडा पडला तरी आधीं भोंवतालचें जस्त झिजतें आणि लोखंड वांचतें. विणकाम, कांटा आणि जस्त या तीन शोधांतून आजचें कुंपण सिद्ध झालें आहे.

चेन लिंक जाळीची रचना मोठी सोपी आहे. प्रत्येक तार नागमोडी वांकविलेली असते व ती शेजारच्या तारेंत अडकविलेली असते. त्यामुळें जाळीची गुंडाळी करतां येते, आणि टोंकाची एक तार फिरवून काढली कीं जाळी हवी तेथें तोडतां किंवा दुसऱ्या जाळीला जोडतां येते. ती वारा अडवीत नाहीं, उजेड अडवीत नाहीं, आणि पलीकडचा माणूस दिसत राहतो. मात्र धुऱ्यावरच्या कांट्यांत आणि हिच्यांत एक मोठा भेद आहे. कांटे दर वर्षीं रचावे लागत. ही एकदां बसविली कीं पुष्कळ वर्षें हालत नाहीं. म्हणजे चूक झाली तर तीहि पुष्कळ वर्षें हालत नाहीं.

म्हणून जाळी विकत घेण्याआधीं मोजणी करून घ्यावी. तालुक्याच्या भूमि अभिलेख कार्यालयाकडे रीतसर अर्ज करून, शेजाऱ्यांच्या समक्ष हद्दीच्या खुणा दाखवून घ्याव्या आणि मगच खड्डे खणावे. एका हाताच्या जमिनीसाठीं दोन पिढ्या कचेरीच्या पायऱ्या झिजवितात, हें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. मोजणीची फी त्यापुढें कांहींच नव्हे.

तारेची जाडी गेजच्या अंकानें सांगतात, आणि येथें पुष्कळांची फसगत होते, कारण अंक जसा वाढतो तशी तार बारीक होत जाते. ८ गेजची तार सुमारें ४ मिलिमीटर जाड असते, १० गेजची सव्वातीन, आणि १२ गेजची अडीचाहून थोडी अधिक. घरासमोरच्या बागेला चार फूट उंचीची १२ गेजची जाळी पुरते. कापसाच्या गांठी ठेवण्याच्या आवाराला किंवा गोदामाला १० अगर ८ गेजची, सहा फुटांची जाळी व तिच्यावर कांटेरी तारेच्या तीन ओळी असाव्या. घरें दोन इंचांचीं घेतल्यास पाय रोंवून वर चढणें कठीण जातें. दर ठरवितांना केवळ फुटाचा भाव न विचारतां गुंडाळीचें वजन करून पाहावें. तार बारीक असल्यास तराजू तें लपवीत नाहीं.

खांबांकडे याहून अधिक लक्ष द्यावें. आमची काळी माती पावसांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते; उथळ पुरलेला खांब ती दोनतीन वर्षांत वांकडा करते. म्हणून खड्डा निदान दोनअडीच फूट खोल घेऊन खांब काँक्रीटमध्यें बसवावा. दोन खांबांमध्यें आठदहा फुटांहून अधिक अंतर नसावें. कोंपऱ्याच्या व फाटकाच्या खांबांना तिरप्या टेकूंचा आधार द्यावा, कारण साऱ्या जाळीचा ताण अखेर त्यांच्यावरच येतो. काँक्रीट आठवडाभर पाणी घालून मुरूं द्यावें आणि मगच वर, मध्यें व खालीं अशा तीन तारा ताणून त्यांवर जाळी चढवावी. लोखंडी खांबाला जेथें जोड दिला तेथें जस्त जळून जातें. त्या जागीं जस्ताचा रंग विसरूं नये. जाळीवर दाट वेल चढविल्यास ती शिडासारखी वारा धरते, हेंहि ध्यानांत असावें.

शेताच्या कुंपणाचा प्रश्न याहून बिकट आहे. रोह्यांचे कळप आणि रानडुकरें एका रात्रींत उभें पीक आडवें करतात, आणि ज्याचें वर्षाचें पोट त्या पिकावर आहे त्याचा संताप मी समजूं शकतों. डुक्कर जाळी चढत नाहीं, तें ती खालून उचलतें; म्हणून खालची कड जमिनींत पुरावी. रोही उंच उडी मारतो. म्हणून वर आणखी तारा लागतात. एवढा खर्च लहान शेतकऱ्याला झेंपत नाहीं, आणि मग कोणी घरगुती विजेचा प्रवाह तारेंत सोडतो. हा गुन्हा तर आहेच, पण त्याहून मोठें म्हणजे ती तार डुक्कर आणि माणूस यांत भेद करीत नाहीं. रात्रीं राखणीला निघालेला शेजारी, कधीं खुद्द घरधनी, अशा तारेवर प्राण गमावतो. सौर कुंपण निराळें. त्यांत क्षणभराचा झटका असतो, सतत प्रवाह नसतो. जंगलालगतच्या गांवांनीं वनखात्याकडे अनुदानाची चौकशी करून असें कुंपण सामाईक घालावें हें बरें. एकेकट्यानें घातलेलें कुंपण जनावराला केवळ शेजाऱ्याच्या शेतांत लोटतें.

आणि जनावराचीहि एक बाजू आहे. आपल्या जिल्ह्यांत ज्ञानगंगा हें सुमारें २०५ चौरस किलोमीटरांचें अभयारण्य आहे. यवतमाळ जिल्ह्यांतील टिपेश्वरच्या जंगलांतून निघालेला, गळ्यांत रेडिओपट्टा असलेला एक तरुण वाघ तेलंगण, मराठवाडा व विदर्भ यांतून तेराशे किलोमीटरांहून अधिक हिंडत २०१९ च्या डिसेंबरांत येथें पोंचला. तो पोंचूं शकला, कारण नाले, पडीक पट्ट्या आणि झाडीचे धुरे त्याला वाट देत गेले. ओढ्याचा कांठ व जुनी पायवाट जाळीबाहेर ठेवली तर आपलें फारसें बिघडत नाहीं. ती बंद केली तर जनावर उपद्रव थांबवीत नाहीं, केवळ नवी जागा शोधतें.

या सर्व इतिहासांतून मला एवढेंच सांगावयाचें आहे कीं, कुंपणाचें बळ दगडांत, कांट्यांत वा तारेंत जितकें असतें, तितकेंच तें दोन्ही बाजूंच्या मान्यतेंत असतें. सिंदखेडच्या भिंती राहिल्या व त्यांचा धनी घातानें गेला. मिठाचें कुंपण बारा हजार राखणदार असूनहि गेलें. आणि दर उन्हाळ्यांत चुलींत जाणारा बोरीचा कांटा पिढ्यान् पिढ्या टिकला, कारण तो दोघांना मान्य होता. जाळी अवश्य घ्यावी, चांगली पारखून घ्यावी. मात्र पहिला खड्डा खणण्याच्या दिवशीं शेजाऱ्याला बोलावून घ्यावें, आणि दोरी ताणतांना तिचें दुसरें टोंक त्याच्या हातीं द्यावें.