धोटा, विटाळ आणि वेतन

मुंबईच्या गिरणगावात, परळ-लालबागच्या कापडगिरण्यांत, अस्पृश्य कामगारांना प्रवेश होता. परंतु तो सर्व खात्यांत नव्हता. सूतकताईच्या खात्यांतील कमी पगाराची कामे त्यांच्या वाट्यास येत. विणकाम खात्यात कमाई अधिक होती आणि तेच दार त्यांना बंद होते. कारण असे की, नव्या कांडीचा धागा धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याच्या तोंडचा धोटा आपल्या तोंडी लागेल, या विटाळाच्या कल्पनेने सवर्ण विणकर विरोध करीत.

येथे एकाच कामाला दोन दर नव्हते. अधिक दराच्या कामापर्यंत पोहोचूच दिले जात नव्हते. अमेरिकेतील साउथ कॅरोलायना राज्याने १९१५ साली कायदा करून कापडगिरण्यांत काळ्या व गोऱ्या कामगारांना एका खोलीत काम करण्यास मनाई केली. तेथे कायद्याने साधले ते येथे रूढीने साधले.

१९२८ च्या एप्रिल ते ऑक्टोबर या काळातील सार्वत्रिक संपात सुमारे दीड लाख कामगार उतरले होते. तेव्हा परळच्या चाळीत राहणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, विणकाम खाते अस्पृश्यांना खुले करावे, ही मागणी संपसमितीपुढे आग्रहाने मांडली. कामगार पुढाऱ्यांनी ती नाखुशीनेच स्वीकारली. या अन्यायाचे उत्तरदायित्व आपले नव्हे, असे मालकांनी सुनावले. आणि ते सर्वस्वी खोटे नव्हते. पुढे १९३८ साली मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही व भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले, त्यामागे हाही अनुभव होता.

दीघ निकायातील सिगालोवाद सुत्तात तथागतांनी मालकाची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. त्यांत पहिले, सेवकाच्या बळानुसार काम देणे; दुसरे, अन्न व वेतन देणे. कामाचे माप बळ आहे, जन्म नव्हे. आणि हा क्रमही विचार करण्यासारखा आहे: योग्य काम नाकारले, तर न्याय्य वेतन आपोआपच नाकारले जाते.

१९७६ च्या समान वेतन कायद्याने स्त्री-पुरुष भेदाचा विचार केला. जातीने अडविलेल्या दाराचा नाही. म्हणून केवळ समान दराची मागणी अपुरी आहे. भरती खुली हवी, प्रशिक्षण हवे, बढतीची नोंद तपासली जावी आणि संघटनेने प्रथम आपल्या सभासदांतील भेद मोडावा. आज गिरण्यांचे भोंगे थांबले आहेत. तथापि याच शहरात कायम कामगाराच्या शेजारी तेच झाडूकाम कमी वेतनावर करणारा कंत्राटी कामगार बहुधा आपल्याच वस्तीतला असतो. धोटा गेला, दार अजून पुरते उघडलेले नाही.