जुना पियानो उघडला तेव्हा

माझ्या वर्गात पहिल्या बाकावर एक मुलगा बसतो. फळ्यावरची अक्षरे त्याला दिसत नाहीत. पुस्तक तो जवळजवळ नाकाला टेकवून वाचतो. गेल्या श्रावणात शाळा सुटल्यावर तो माझ्यापाशी रेंगाळला आणि म्हणाला, "सर, मला पुढे नोकरी मिळेल का हो?"

मी चटकन उत्तर दिले, "का नाही मिळणार? तुझा कान चांगला आहे. तू गाणे शीक."

मुलगा थोडा वेळ गप्प राहिला. मग हळूच म्हणाला, "पण सर, मला गणित आवडते."

त्या वाक्याने मला त्या रात्री झोप लागू दिली नाही. ज्याला दिसत नाही त्याने गावे, हे मला शिकवले कोणी? लहानपणापासून जत्रेत पेटीवर भजन म्हणणारे सूरदास मी पाहिले होते. तेवढ्यावरून मी एका मुलाचे आयुष्य ठरवून मोकळा झालो! कादंबऱ्या लिहिणाऱ्याला जुने उकरून काढण्याची खोड असते. या समजुतीचा माग काढीत मी निघालो, तो थेट पॅरिसच्या एका जत्रेत जाऊन पोचलो.

साल 1771. सेंट ओव्हिदच्या जत्रेत एका कॉफीगृहाच्या मालकाने काही अंध माणसांना वाद्ये वाजवायला बसवले होते. अंगात लांब झगे, डोक्यावर उंच टोकदार टोप्या, डोळ्यांवर पुठ्ठ्याचे मोठाले चष्मे, आणि पुढ्यात स्वरलिपीचे कागद! त्यांच्या बेसूर वादनाला लोक पोट धरधरून हसत होते. त्या गर्दीत व्हॅलेंतँ आयुई नावाचा एक तरुण होता. त्याला मात्र हसू आले नाही. या माणसांना मी खरोखरीचे वाचायला शिकवीन, असे त्याने मनाशी घेतले.

पुढे 1784 साली देवळाच्या दारात भीक मागणारा लेस्युर नावाचा अंध मुलगा त्याला भेटला. शिकायला बसले तर भिकेचे पैसे बुडतात, ही त्या मुलाची अडचण. आयुईने ते पैसे स्वतःच्या खिशातून भरून दिले आणि शिकवणी सुरू केली. दुसऱ्या वर्षी अंधांची शाळा निघाली. सहा टिंबांची लिपी तयार करणारा लुई ब्रेल याच शाळेचा विद्यार्थी, आणि पुढे तिथलाच शिक्षक.

परंतु मला ज्याची गोष्ट सांगायची आहे तो ब्रेल नव्हे. त्याच शाळेत क्लोद मोंताल नावाचा दुसरा एक विद्यार्थी होता. जन्म 1800चा, लहानपणीच दुखण्याने दृष्टी गेलेली. शाळेतले पियानो सुरात लावायला बाहेरून एक डोळस कारागीर येई. त्याचे काम मोंतालला आणि त्याच्या एका सोबत्याला पसंत पडेना. दोघांनी आपणच तारा पिळून सूर मिळवायला सुरुवात केली. कारागिराने वर तक्रार केली, आणि पोरांना पियानोला हात लावायची बंदी झाली.

दोघे खट्टू होऊन बसले नाहीत. त्यांनी एक जुना पियानो मिळवला आणि तो पार उघडला. तारा, खुंट्या, हातोड्या, पट्ट्या, एकेक भाग चाचपून सुटा केला आणि पुन्हा जिथल्या तिथे बसवला. मग मात्र शाळेने आपली वाद्ये त्यांच्याच हाती सोपवली.

शाळेबाहेर पडल्यावर खरी परीक्षा झाली. 1830च्या सुमाराला मोंतालने पॅरिसमध्ये हा धंदा मांडला, तेव्हा गिऱ्हाईक बिचकत होते. आंधळा माणूस आपले महागाचे वाद्य मोडून ठेवील, ही धास्ती. अखेर संगीताच्या एका प्राध्यापकाने त्याच्यावर भरवसा टाकला. काम पाहिल्यावर एकाचे दोघे, दोघांचे चार झाले. 1836 साली मोंतालने पियानो सुरात लावण्याच्या विद्येवर पुस्तक लिहिले आणि तो स्वतःच पियानो बनवू लागला. त्याच्या पाठीमागून युरोप-अमेरिकेत अंधांच्या कितीतरी पिढ्यांनी या धंद्यावर पोट भरले.

आता यातली मेख पाहा. लोक म्हणू लागले, "आंधळ्यांना देवाने कानच वेगळा दिलेला असतो!" मोंतालने तो पियानो खिळ्याखिळ्यापर्यंत सुटा केला होता, हे सगळे विसरले. त्याने कष्टाने एक दार उघडले. जगाने बाकीची दारे लावून घेतली आणि म्हटले, तुमचे दार हेच.

आपल्याकडेही तसेच झाले. 1887 साली अमृतसरला देशातली पहिली अंधशाळा निघाली, 1900 साली मुंबईत अमेरिकन मिशनची. या शाळांचे उपकार मोठे. पण गायनवादन, वेताच्या खुर्च्या विणणे, हातमाग, अशा मोजक्या कामांपलीकडे अंधांना वाट दाखवणारे फार काळ थोडेच होते. कायदा आला तो 1995 साली. सरकारी जागांत शेकडा एक जागा अंध आणि अल्पदृष्टी माणसांसाठी राखली गेली. मला अधिक मोलाचे वाटते ते त्यातले दुसरे कलम: नोकरीत असताना कोणाची दृष्टी गेली, तर त्याला काढून टाकायचे नाही, त्याच पगारावर जमेल असे दुसरे काम द्यायचे. 2016च्या नव्या कायद्यानेही ते कायम ठेवले.

तरी दार आपोआप उघडत नाही. आपल्या उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची दृष्टी सहाव्या वर्षी गेली. 2016 साली त्या केंद्रीय लोकसेवा परीक्षा उत्तीर्ण झाल्या, पण रेल्वेच्या हिशेब सेवेची जागा मिळाली नाही. कारण दिले दृष्टी नसल्याचे. पुढच्याच वर्षी त्यांनी 124वा क्रमांक मिळवला, आणि 2019 साली तिरुअनंतपुरमला उपजिल्हाधिकारी म्हणून कामाला लागल्या. अंध माणसाला न्यायाधीश होण्यापासून केवळ अंधत्वामुळे अडवता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाला मार्च 2025मध्ये सांगावे लागले. मोंतालच्या गिऱ्हाइकांची धास्ती दोनशे वर्षे झाली तरी पुरती गेलेली नाही. आणि माझ्याही घरात ती होतीच की!

गणपतीच्या सुट्टीनंतर मी त्या मुलाला मोंतालची गोष्ट सांगितली. त्याने एवढेच विचारले, "तो पियानो पुन्हा वाजला का हो?"

"वाजला."

"मग सर, एक मागू का? फळ्यावर गणित मांडताना तुम्ही मोठ्याने बोलत जाल का?"

एवढीशी गोष्ट, आणि ती मला जून महिन्यातच सुचायला हवी होती. त्या दिवसापासून मी फळ्यावर जे लिहितो ते बोलून लिहितो. सहामाहीत वर्गातल्या आणखी चौघांचे गणित सुधारले. त्यांचे डोळे चांगले आहेत.